मॅग्नमचं पितळ

गेल्या नोव्हेंबरात कोलोरॅडोच्या डोंगरात मी एका एल्क मादीवर गोळी झाडली, ती लागली, आणि ती मादी मला सापडली नाही. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत शोधली, दुसरा अख्खा दिवस शोधली. रक्ताचे थेंब आधी दोन-दोन पावलांवर दिसत होते, मग दहा-दहा पावलांवर, आणि एका ओढ्याच्या काठी ते संपले. रात्री बर्फ पडला आणि विषयच मिटला. म्हणजे माझ्यापुरता मिटला. तिचा किती तासांनी मिटला असेल, ते मला माहीत नाही.

ज्यांना शिकार हा प्रकारच मान्य नाही त्यांच्याशी माझं आज भांडण नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली ते उत्तमच झालं. इथलं गणित वेगळं आहे. राज्य सरकार मोजून परवाने देतं, आधी शिकारीचा कोर्स करायला लावतं, आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस वाया घालवलंत तर तो गुन्हा धरतं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ समजा. एका मादीचं मांस आमच्या घरी वर्षभर पुरतं. हे सगळं मी फोनवर आईला अनेकदा समजावलेलं आहे आणि तिनं ते नाक मुरडत का होईना ऐकून घेतलेलं आहे. या वेळी मात्र ती म्हणाली, "खायला मारलंस हे एक वेळ समजेल रे. पण अर्धवट मारून सोडून आलास?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. पण ते आईसाठी नाही, माझ्यासारख्या हौशी मंडळींसाठी आहे. लांबून मारायचं म्हणून महागडी मॅग्नम रायफल घेणारे, रात्री गॅरेजमध्ये बसून स्वतः काडतुसं भरणारे आणि सोमवारी ऑफिसात "आठशे यार्ड? इझी!" म्हणून सांगणारे आपण सगळे. माझं म्हणणं सरळ आहे. मॅग्नम तुमचा पल्ला वाढवत नाही, फक्त मोह वाढवते. पल्ला वाढतो तो एकसारखेपणानं आणि सरावानं, आणि तोही आपण समजतो त्यापेक्षा फार कमी.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण अर्धा गोंधळ तिथेच होतो. काडतुसाचे चार भाग. टोकाला गोळी, आत दारू (प्यायची नव्हे), बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारी पितळी पुंगळी. गोळी उडाली, दारू जळाली, प्रायमर फुटला. उरते ती पुंगळी, आणि ती परत वापरता येते. घरी काडतूस भरणं म्हणजे तीच पुंगळी साफ करून, साच्यात दाबून मूळ मापावर आणून, नवा प्रायमर, नवी दारू आणि नवी गोळी बसवणं. थोडक्यात, चारांतले तीन भाग दर वेळी नवे. चौथा मात्र जुनाच, स्वतःचा इतिहास घेऊन आलेला.

आता मॅग्नम. हा शब्द मुळात दीड लिटरच्या वाइनच्या बाटलीवरून आला. नेहमीपेक्षा मोठी बाटली, तशी नेहमीपेक्षा मोठी पुंगळी. यापलीकडे त्याला काहीही शास्त्रीय अर्थ नाही. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडनं १९१२ मध्ये .३७५ एच अँड एच मॅग्नम काढली. त्या पुंगळीचा खांदा फारच उतरता होता, त्यामुळे ती चेंबरमध्ये नेमकी कुठे अडायची हा प्रश्न होता. म्हणून बुडाशी एक जाड पितळी पट्टा ठेवला. चांगला उपाय. १९२५ मध्ये त्याच घराण्यातली .३०० एच अँड एच आली. १९३५ मध्ये कॅम्प पेरीला बेन कम्फर्टनं ती वापरून १,००० यार्डांची विम्बल्डन कप स्पर्धा जिंकली आणि 'लांबचं म्हणजे मॅग्नम' हे समीकरण अमेरिकन डोक्यात पक्कं बसलं. पुढे १९६२ ला ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम आली, १९६३ ला .३०० विंचेस्टर मॅग्नम. या दोघींचे खांदे चांगले तीक्ष्ण आहेत, पट्ट्याची गरजच नाही. तरी पट्टा राहिला! का? तर मॅग्नम म्हटल्यावर पट्टा दिसला पाहिजे. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं समजावायला नको. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका अडचणीसाठी लिहिलेला कोड, अडचण गेली, पण काढायची कुणाची हिंमत नाही.

या पट्ट्याचा घरी काडतुसं भरणाऱ्याला नेमका काय त्रास होतो ते सांगतो. पट्टा आहे म्हणून चेंबरमध्ये खांद्यापाशी ढिलेपणा सोडलेला असतो. पहिल्या बारात पुंगळी पुढे ताणली जाते. तुम्ही साच्यात ती परत पूर्ण मागे दाबता. दुसऱ्या बारात परत ताण. तार सारखी पुढेमागे वाकवून तोडावी तसं चाललेलं असतं. पितळ पातळ होतं ते पट्ट्याच्या जरा वरच्या बाजूला, आतून. बाहेरून एखादी चकचकीत रेघ दिसली तर दिसली. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवलं की खाच बोटाला लागते. ती लागली की पुंगळी कचऱ्यात, चर्चा नाही. पुढचा बार टाकलात तर ती तिथे फाटू शकते आणि ६०-६५ हजार पीएसआय दाबाचा वायू तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर बाहेर पडायची वाट शोधतो. यावर उपाय आहे. खांदा पूर्ण मागे न ढकलता बोल्ट जेमतेम बंद होईल इतकाच, एक-दोन हजारांश इंच दाबायचा. म्हणजे पट्टा असूनही नसल्यासारखा वापरायचा. मग पट्ट्याचे पैसे कशाला मोजले म्हणता? तेच तर मी विचारतोय.

नव्या पिढीला याची जाणीव झाली हे मान्य. हॉर्नाडीनं २०१८ मध्ये आणलेली .३०० पीआरसी आणि २०२२ मधली ७ एमएम पीआरसी या दोन्हींत पट्टा नाही, खांदा ३० अंशांचा आहे, लांब सडपातळ गोळ्यांसाठी पुढे जागा ठेवली आहे. .३०० विन मॅगची मान फक्त ०.२६४ इंचांची, म्हणजे गोळीच्या जाडीपेक्षाही (०.३०८) कमी. त्यात आजच्या लांब गोळ्या बसवल्या की त्यांचं बूड दारूच्या जागेत घुसतं. पीआरसी हे सगळं नीट करते. इंजिनिअरिंग म्हणून मला ती आवडते. पण मध्ये काय काय येऊन गेलं बघा. १९९९ ला .३०० अल्ट्रा मॅग, २००१ ला .३०० डब्ल्यूएसएम, मग २६ नॉस्लर, २८ नॉस्लर, ३० नॉस्लर... फोनची मॉडेलं बरी म्हणायची. प्रत्येक वेळी मासिकात तोच सूर, की आता खरी लांब पल्ल्याची रायफल आली. म्हणजे त्याआधीची खोटी होती का?

आता माझ्या त्या एल्ककडे येतो. ऑफिसात प्रॉडक्शन बंद पडलं की आपण काय करतो? रूट कॉज शोधतो. दोष द्यायला नाही, परत होऊ नये म्हणून. तेच मी इथे केलं.

अंतर ६४० यार्ड. लेझरनं मोजलेलं, त्यात चूक नाही. रायफल .३०० विन मॅग, गोळी २०० ग्रेनची, वेग सेकंदाला २,८५० फूट. निदान माझी तशी समजूत होती. पुंगळ्या एका गन शोमध्ये स्वस्तात मिळालेल्या, दोन कंपन्यांच्या मिसळलेल्या, काही एकदा वापरलेल्या, काही किती वेळा ते देवाला माहीत. मी त्या धुऊनपुसून लखलखीत केल्या होत्या. क्रोनोग्राफवर तीन गोळ्या झाडून बघितल्या, सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद यांच्यात १८ फुटांचा फरक. वा! म्हटलं आणि शिकारीला गेलो.

घरी परत आल्यावर त्याच डब्यातल्या वीस गोळ्या झाडल्या. फरक ७१ फूट.

हे कसं? अगदी सोपं. आपण इंजिनिअर म्हणवतो आणि सँपल साइझ विसरतो. तीन नमुन्यांत कमाल-किमान फरक हा सरासरीनं स्टँडर्ड डेव्हिएशनच्या १.७ पट दिसतो, दहांत ३.१ पट, विसांत ३.७ पट. म्हणजे तीन गोळ्यांचा फरक हा नेहमीच गोड दिसणार. माझ्या विसांवरून डेव्हिएशन निघतं साधारण १९. त्या हिशेबानं तीन गोळ्यांत ३२ चा फरक दिसायला हवा होता, मला १८ दिसला आणि मी खूश झालो. ए/बी टेस्टमध्ये तीन युजर्सवर निर्णय घेणाऱ्या मॅनेजरला आपण कँटीनमध्ये हसतो. रेंजवर मात्र तीन गोळ्यांचा ग्रुप पाकिटात घालून फिरतो.

तर पितळ उघडं पडलं ते असं. पुंगळ्या वजन करून बघितल्या तर शंभरांत सर्वांत जड आणि सर्वांत हलकी यांच्यात १२ ग्रेनचा फरक. पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड, म्हणजे १२ ग्रेन पितळ जास्त असेल तर आतली जागा सुमारे दीड ग्रेन पाण्याइतकी कमी. नव्वदेक ग्रेनच्या भांड्यात दीड. दाब वेगळा, वेग वेगळा. पण खरं सांगू? वजनाचा दोष त्या मानानं छोटा असतो. लोक तराजू घेऊन बसतात कारण वजन करणं सोपं आहे. खरं घोडं पेंड खातं ते मानेपाशी. मानेची जाडी एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असेल तर गोळी तिरकी बसते. पितळ वारंवार दाबून कडक झालं असेल तर मान गोळीला कधी घट्ट धरते, कधी सैल. ताप देऊन ते मऊ केलं नाही तर चार बारांनंतरची पुंगळी आणि पहिल्या बाराची पुंगळी या दोन वेगळ्या वस्तू असतात. मी त्या एकाच डब्यात भरल्या होत्या.

चांगल्या आणि स्वस्त पितळेतला फरक इथे आहे. मिश्रण सगळ्यांचं जवळपास तेच, ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. फरक कारखान्यात होतो. बूड किती कडक ठेवलं, मान किती मऊ केली, भिंत किती एकसारखी ओढली, प्रायमरकडून येणाऱ्या ठिणगीचं भोक मध्यावर आणि स्वच्छ आहे का. फिनलंडची लापुआ, स्वीडनची नॉर्मा, इथली पीटरसन किंवा एडीजी यांच्या पुंगळ्यांना लोक निदान दीड-दोन पट जास्त पैसे देतात ते उगाच नाही. लापुआच्या मानेवर तो निळसर-तपकिरी डाग असतो ना, तो ताप दिल्याची खूण असते. पॉलिश करून काढत नाहीत. आणि मॅग्नमला चांगलं पितळ साध्या काडतुसापेक्षा जास्त लागतं. दाब मोठा, बूड मऊ असेल तर दोन-तीन बारांत प्रायमरची वाटी सैल होते आणि पुंगळी बाद. मॅन्युअलमधल्या कमाल आकड्याच्या वर जाऊन अजून पन्नास फूट वेग काढणाऱ्यांचं तर विचारूच नका. म्हणजे स्वस्तातलं पितळ शेवटी महागच पडतं. पण आपण काय करतो? रायफलीवर दोन-अडीच हजार डॉलर, दुर्बिणीवर तेवढेच, आणि पुंगळ्या पोत्यातल्या.

इथपर्यंत वाचून वाटेल की रूट कॉज पितळ. मलाही तसंच वाटत होतं, आणि बरंही वाटत होतं. निर्जीव वस्तूवर खापर फुटलं की झोप चांगली लागते. मग मी गणित पुरं केलं.

७१ फुटांचा फरक म्हणजे सरासरीच्या खाली ३५ फूट. ६४० यार्डांवर, त्या उंचीवरच्या विरळ हवेत, त्यानं गोळी साधारण अडीच इंच खाली जाते. एल्कची हृदय-फुप्फुसाची जागा निदान फूटभर उंच असते. अडीच इंचांनी तिचं मरण हुकत नाही.

वारा मी धरला होता ताशी पाच मैल. माझ्या गालावर तेवढाच होता. नंतर दरी उतरून पलीकडे ती उभी होती तिथे पोचलो तर हातातला मीटर बारा दाखवत होता. सात मैलांची चूक. त्या अंतराला, त्या गोळीला, मैलामागे साधारण दीड इंच. दहा-अकरा इंच. म्हणजे फुप्फुसाऐवजी पोट. पितळेची अडीच इंच चूक आणि माझी अकरा. आरोपी नंबर एक कोण ते वेगळं सांगायला नको.

आणि इथेच मॅग्नमचा दावा कोसळतो. हजार यार्ड आणि समुद्रसपाटीची हवा धरा. .३०० मॅग्नमची चांगली लांब गोळी दर मैल वाऱ्याला साडेपाच-सहा इंच सरकते. २००७ मध्ये आलेली, कुणीही मॅग्नम न म्हणणारी ६.५ क्रीडमूर सरकते साडेसहा इंच. फरक एका इंचाच्या आतबाहेर. दुप्पट धक्का, जवळजवळ दुप्पट दारू, कमी टिकणारी नळी, आणि बदल्यात मैलामागे एक इंच. वाऱ्याचा अंदाज दोन मैलांनी चुकला की दोन्ही गोळ्या फूटभर बाजूला. मॅग्नमनं चूक माफ होत नाही, किरकोळ सूट मिळते. खराब अल्गोरिदमला जास्त रॅम देण्यातला प्रकार आहे हा. चालल्यासारखं वाटतं, लोड आला की झोपतं.

उलट मॅग्नम तुमचं एक नुकसान करते ते जाहिरातीत येत नाही. ती तुमचा सराव खाते. आठ पौंडांच्या रायफलीतून .३०० विन मॅगच्या वीस गोळ्या झाडा, खांदा बोलायला लागतो. मग डोळे आपोआप मिटायला लागतात, बोट झटका द्यायला लागतं. नळ्यांचंही तसंच. क्रीडमूरची नळी दोन-अडीच हजार गोळ्या चांगली चालते, .३०० विन मॅगची साधारण दीड-दोन हजार, २६ नॉस्लरसारखी तोफ हजाराच्या आसपास धापा टाकते. म्हणून मॅग्नमवाला वर्षाला चाळीस गोळ्या झाडतो, त्याही टेबलावर, वाळूच्या पिशवीवर, वारा नसलेल्या सकाळी. आणि मग नोव्हेंबरात तो धापा टाकत डोंगर चढून सातशे यार्डांवर नेम धरतो. नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. इथे अंगण मोठं विकत घेतात.

आता समोरची बाजू. पहिला मुद्दा ऊर्जेचा. एल्क मोठं जनावर, लांबवर जोर हवा, म्हणून मॅग्नम. यात तथ्य आहे. अनेक शिकारी गोळ्यांना नीट फुलायला सेकंदाला १,८०० फुटांच्या आसपास वेग लागतो आणि मॅग्नम तो वेग जास्त अंतरापर्यंत टिकवते. पण जोर लागतो तो योग्य जागी. जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जी रायफल भेट मिळाली ती .२७५ रिग्बी, म्हणजे मूळची ७ × ५७ माऊझर. आजच्या दुकानात तिला कुणी हरणापलीकडे शिफारस करणार नाही. त्या काळच्या शिकाऱ्यांना ती पुरत होती, कारण ते जवळ जात होते. पोटात लागलेली मॅग्नम ही पोटात लागलेलीच गोळी असते.

दुसरा मुद्दा, कायदा परवानगी देतो. हो, देतो. कोलोरॅडोचा नियम सांगतो की गोळी निदान .२४ व्यासाची हवी, एल्कसाठी ८५ ग्रेनची, आणि तिच्यात १,००० फूट-पौंड ऊर्जा हवी. कुठे? १०० यार्डांवर. नियम करणाऱ्यांच्या मनातली शिकार किती अंतरावरची होती ते यातूनच दिसतं. १,००० यार्डांवर ती किती उरते हे कुणी विचारत नाही. आयडाहोनं १६ पौंडांपेक्षा जड रायफलींना मोठ्या शिकारीत बंदी घातली, म्हणजे निदान तोफा डोंगरावर चढू नयेत इतकं केलं. बून अँड क्रॉकेट क्लब, १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्टनं उभा केलेला, तोही लांबून मारण्याच्या खुळाविरुद्ध स्पष्ट बोललेला आहे. पण कायदा किमान मर्यादा सांगतो. माझी मर्यादा मलाच ठरवायची आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत लाडका. "मी सराव करतो, माझं पितळ चांगलं आहे, मी वारा वाचतो, मग हजारावर का मारू नये?" तर बाबा, हजार यार्डांना मॅग्नमची गोळी साधारण १.४ सेकंद घेते. तुम्ही ट्रिगर दाबलात तेव्हा जनावर उभं होतं. १.४ सेकंदात एल्क एक पाऊल टाकते. तेवढ्यानं फुप्फुसाचं पोट होतं. तुमचं डेव्हिएशन ५ असो की २५, लापुआ असो की पोत्यातलं, त्या पावलाला उत्तर नाही. लेटन्सीचा प्रश्न बँडविड्थनं सुटत नाही. लोखंडी पाटीवर हजार यार्ड जरूर मारा, मीही मारतो, मजा येते. पाटी पाऊल टाकत नाही आणि चुकली तर ओढ्याकाठी जाऊन रात्रभर मरत नाही.

मग काय करायचं? मी काय केलं ते सांगतो. रायफल विकली नाही, विकून पाप धुतलं जात नाही. पोत्यातल्या सगळ्या पुंगळ्या भंगारात दिल्या. एका चांगल्या कंपनीच्या, एकाच लॉटच्या शंभर घेतल्या, प्रत्येक किती वेळा झाडली त्याची वहीत नोंद ठेवतो, खांदा बेतानं दाबतो, पेपरक्लिप फिरवतो. वीस गोळ्यांचा फरक आता चाळीसच्या आत आला आहे. आणि मुख्य म्हणजे एक ६.५ क्रीडमूर घेतली, जिच्या गोळ्या मी महिन्याला शंभर झाडतो, बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, धावत येऊन.

पल्लाही ठरवला. आठ इंचांची पाटी, डोंगरातल्यासारखी बैठक, थंड नळी, दिवसाची पहिली गोळी. फक्त पहिली, कारण एल्कवर दुसरी मिळेलच असं नाही. ज्या अंतरावर अशी एकही चुकत नाही ते माझं अंतर. आणि दहापैकी दहा लागल्या म्हणून नाचायचं नाही. दहापैकी दहा लागल्या तरी ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की तुमचं खरं यश निदान ७४ टक्के आहे. चारात एक जखमी जनावर अजून शक्य आहे. तीसपैकी तीस लागल्या तर ९० टक्के. तीस वेगवेगळे दिवस! मला तीस भरायला मे ते ऑक्टोबर लागले आणि माझं अंतर निघालं ३२० यार्ड. सहाशे चाळीसच्या बरोबर निम्मं. त्या दिवशी माझ्यासमोर पर्याय होता. दरीत उतरून, वळसा घालून तीनशे यार्डांपर्यंत जायचं, तास-दीड तासाची पायपीट, कदाचित ती निघून गेली असती आणि मी रिकाम्या हातानं परतलो असतो. मॅग्नम हातात होती म्हणून मी तो दीड तास वाचवला. त्या दीड तासाची किंमत मी दिली नाही.

कुणी म्हणेल, ३२० यार्डांसाठी एवढं पितळ कशाला निवडायचं, ते तर कुठल्याही काडतुसानं होतं. बरोबर. अगदी १९०६ च्या .३०-०६ नंही होतं. मला हेच म्हणायचं होतं.

आईला हे सगळं सांगितलं नाही. तिला डेव्हिएशन वगैरे कळणार नाही असं नाही, निवृत्त होईपर्यंत तिनं शाळेत गणितच शिकवलं. पण तिनं मुद्दा आधीच एका वाक्यात मांडला होता, मला तो वहीत उतरवायला वर्ष लागलं.

असो. पुढच्या आठवड्यात सीझन सुरू होतोय. रायफल क्रीडमूरच नेणार आहे, आणि बूट नवे घेतलेत.